ताईचं कार्ड काढलंच नाही

१० डिसेंबर

खाली चष्म्याचं दुकान आहे, तिथल्या काकांनी ही डायरी दिली. तशा दोन दिल्या, एक मला आणि एक ताईला. ताईच्या डायरीला रेशमी फीत आहे, माझ्या डायरीला नाही. असो. डायरी पुढच्या वर्षाची आहे, पण एवढा धीर मला कुठला? जानेवारीच्या तारखा खोडून आजपासूनच सुरू करतेय.

लिहायचं कारण म्हणजे आमचा हा पहिलाच हंगाम. ‘निवांत’ला नऊ महिने झाले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आमचं घर त्याच्या वरच्या मजल्यावर. आतल्या खोलीत टेबल, हीटर, तेलाच्या बाटल्या आणि मी. बाहेरच्या खोलीत काउंटर, चार खुर्च्या आणि ताई. मी माना, पाठी, खांदे, कंबरा बघते. ताई फोन घेते, वेळा देते, टॉवेल धुऊन घड्या घालते आणि तावातावाने आलेल्या माणसाला दोन मिनिटांत गार करते. नोंदणी कार्यालयातली बावीस वर्षांची नोकरी तिनं माझ्यासाठी सोडली. दोघी बहिणींची डोकी फिरलीत, असं सगळे म्हणाले. त्यांना तोंडावर काही बोलले नाही, पण एकेकाची पाठ माझ्या टेबलावर येईल तेव्हा बघू, असं मनात म्हणून ठेवलंय.

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या. कचेऱ्या बंद होणार. माणसं सलग तीन दिवस घरच्यांबरोबर राहिली, की चौथ्या दिवशी त्यांची मान आखडते. एकतीस तारखेपर्यंतच्या सगळ्या वेळा भरल्यात. ताईनं वही दाखवली तेव्हा मी काउंटरभोवती फेरच धरला.

शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ताईला टेबलावर घेतलं. उजव्या खांद्याच्या हाडाखाली, कण्याला लागून, दोन महिन्यांपासून दुखतंय तिला. खुर्चीत बसून बसून आखडलंय, दुसरं काही नाही. पंधरा मिनिटं दाबलं. “बरं वाटलं गं,” म्हणाली. वाटणारच.

१३ डिसेंबर

आज एकाला हात न लावताच परत पाठवलं.

शाळेत भूगोल शिकवणारे सर. कमरेत डाव्या बाजूला दुखतंय म्हणून आले. आमच्याकडे नवीन माणूस आला, की ताई आधी कार्ड काढते. कार्डावर माणसाची आकृती छापलेली आहे, पुढून आणि मागून. दुखतं तिथे लाल पेन्सिलीनं खूण करायची. खाली पाच प्रश्न आहेत, ते ताई बाहेर विचारते आणि मी आत पुन्हा. पडला होतात का? ताप येतो का? वजन आपोआप उतरलंय का? आडवं पडून आराम केला तरी दुखतं का? दुखण्यानं झोपेतून जाग येते का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर टेबल नाही, आधी डॉक्टर. हा नियम मला शिकवणाऱ्या बाईंनी घालून दिला आणि मी तो कधी मोडलेला नाही.

सर म्हणाले, आराम केला तरी दुखतं. मी म्हटलं, मग आधी दाखवून या. ते भडकले. “जिने चढून आलोय मी! जरा दाबायला काय जातं तुमचं?” मी म्हटलं, माझं काही जात नाही, तुमचं जाईल. ताईनं त्यांना पाणी दिलं, पुढची वेळ दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत येऊन काउंटरला टेकून बराच वेळ उभी होती. जिन्यानं दम लागला म्हणाली. मी म्हटलं, चालत जा रोज, वजन वाढलं असेल.

ताईला दाबलं. वीस मिनिटं.

१५ डिसेंबर

काका पुन्हा वर आले. ताईचा चष्मा नाकावरून घसरतो म्हणून पंधरा दिवसांत त्यांनी तिसऱ्यांदा काड्या आवळल्या. स्वतःची पेटी घेऊन वर येतात, ताईला खिडकीशी बसवतात, चष्मा चढवतात, उतरवतात, मान तिरकी करून बघतात. बाई, काय ती बारकाई! बायको जाऊन सहा वर्षं झाली त्यांची. मी आतल्या खोलीतून मुद्दाम खोकले.

ते गेल्यावर मी ताईला म्हटलं, “फीतवाली डायरी काय, घरपोच चष्मा काय. मुहूर्त कधीचा काढू?”

“गप गं ठके,” ताई म्हणाली. पण हसली. एक्केचाळीस वर्षांची झाले तरी मी तिला ठकीच.

जाताना काका मला म्हणाले होते, “फ्रेम तीच आहे हो. मी मापानं केलेली. चेहराच आत गेलाय.” प्रेमात माणसाला काय काय दिसतं!

१७ डिसेंबर

भूगोलाचे सर पेढे घेऊन आल्यासारखं तोंड करून आले. मूतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. सर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि बाहेर बसलेल्या तिघांना सगळी हकिगत ऐकवली. मी आपली ‘त्यात काय एवढं’ असा चेहरा करून उभी होते, पण आतून हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. शेवटी पाठ कळणं म्हणजे हेच ना? कुठे हात घालायचा हे कोणीही शिकतं, कुठे घालायचा नाही हे कळावं लागतं.

दिवसभर ज्याला त्याला हेच ऐकवत होते. संध्याकाळी टॉवेल आवरताना ताईनं विचारलं, “ते पाच प्रश्न तू सगळ्यांना विचारतेस ना?”

“सगळ्यांना. देवाला सुद्धा सुट्टी नाही.”

“बरं,” म्हणाली.

ताई हल्ली टॉवेल चार-चार करून नेते. पूर्वी एका खेपेत सगळा ढीग उचलायची. वेळ जातो त्यात. बोलायला हवं.

१९ डिसेंबर

अकरा जण. अंगठे गेले कामातून. ताईला दाबलं, पण दहाच मिनिटं. ती स्वतःच “पुरे” म्हणाली.

२१ डिसेंबर

ताईशी भांडले.

तिनं डोक्यातच घेतलंय, की मला काउंटरचं सगळं आलं पाहिजे. कुठल्या टॉवेलवाल्याला कधी फोन करायचा, परवान्याची मुदत कधी संपते, जुनी कार्डं कुठे ठेवलीत. आज दुपारच्या सुट्टीत मला बसवून वेळा द्यायला शिकवत होती. “दोन पाठींच्या मधे एक मान घालायची, म्हणजे तुझ्या हातांना विसावा मिळतो. मी आजवर तशाच दिल्यात.” मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होते, योगायोगानं तसं होतं.

मी म्हटलं, तू आहेस ना, मग मला कशाला? ती म्हणाली, उद्या मी आजारी पडले तर? मी म्हटलं, हंगामात आजारी पडायची परवानगी नाही. ती म्हणाली, शिकून घे म्हणतेय ना. इतक्या तुटक आवाजात ती माझ्याशी कधी बोलत नाही. मी पेन आपटून आत गेले.

नोकरी सोडल्याचा तिला पश्चात्ताप होत असेल का? मला वाटतं, तिला इथून निघायचंय आणि सांगवत नाही. तिच्याशिवाय मी हे एक दिवस चालवू शकत नाही, आणि हे तिला कळू द्यायचं नाहीय.

संध्याकाळी तोंड फुगवूनच दाबलं तिला. काही मिनिटांत डोळे मिटून शांत पडली. राग असा निवतो.

२३ डिसेंबर

सकाळी उठले तर ताई घरात बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून झोपलेली, पाठीशी दोन उशा. तिसऱ्यांदा. टीव्ही बघता बघता डोळा लागला म्हणाली. टीव्हीचा रिमोट तर माझ्या खोलीत होता. सोड. हिला झोपायची शिस्त नाही, मग पाठ आखडेल नाही तर काय होईल? चांगली खरडपट्टी काढली तिची. मान खाली घालून ऐकून घेतलं.

२६ डिसेंबर

काकांनी आज मला जिन्यात गाठलं. म्हणाले, “रागावू नका. ताईंना एकदा डॉक्टरांना दाखवा. मला ठीक दिसत नाहीय.”

“पाठ आखडलीय. मी बघतेय ना रोज.”

“पाठीचं मला कळत नाही. पण चेहऱ्यांची मापं घेण्यात माझा जन्म गेला. दोन महिन्यांत एवढा चेहरा उतरत नाही.”

माझी तार सटकली. म्हटलं, “तुम्ही चष्मे बघा, पाठी मला बघू द्या.” बिचारे “बरं बरं” करत दुकानात गेले. नंतर वाईट वाटलं. पण माझ्या घरात येऊन मलाच पाठ शिकवायची?

वर आले आणि ताईकडे बघितलं. खिडकीच्या उजेडात फोनवर बोलत होती. ब्लाउजच्या बाह्या सैल वाटल्या. नव्या शिंप्याला मापच कळत नाही, असं तीच मागे म्हणाली होती.

फोन ठेवल्यावर विचारलं, “काका म्हणतात तुला डॉक्टरला दाखवावं. दाखवायचं का?”

“आत्ता? आत्ता डॉक्टर तरी कुठे जागेवर आहेत? सगळे सुट्टीवर. एवढा हंगाम होऊ दे.” आणि मग, “तुझ्या हातानं बरं वाटतंय की मला.”

मला हायसं वाटलं. का वाटलं, त्यात शिरत नाही. उद्या दहा जण आहेत.

३० डिसेंबर

आज जमलं!

चार दिवस ताईची पाठ माझं काही ऐकत नव्हती. कितीही दाबा, तिथला ताठरपणा जाईचना. लाज वाटायला लागली होती. लोक माझ्याकडे लांबून येतात आणि घरच्या माणसाची एक गाठ मला सुटू नये! आज शेवटची पाठ सहाला संपली. ताईला म्हटलं, आज काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. ती म्हणाली, “जोरात दाब. अगदी जोरात. अंगठ्यानं काही होत नाही आता.”

मी कोपर लावलं. अंगाचा सगळा भार दिला. पहिल्यांदा नुसतीच गच्च, आणि मग एकदम आत ‘कट्’ झालं. स्पष्ट. माझ्या कोपराला कळलं. ताईच्या तोंडून आवाज निघाला आणि ती टेबलाची कड धरून राहिली. मी म्हटलं, सुटलं! दोन महिन्यांचं सुटलं, ताई! तिनं कपाळ टेबलावर टेकवलं. मग म्हणाली, “हो गं. सुटलं.” घामानं नुसती भिजली होती. आत अडकलेलं सुटलं, की असा घाम येतो.

तिला हाताला धरून वर घरी आणलं. सावकाश चालत होती. झोपेल आज शांत.

३१ डिसेंबर

सकाळी ताईनं हाक मारली. मला वाटलं चहासाठी. गेले तर म्हणाली, “ठके, माझे पाय मला कळत नाहीयेत.”

मी तिचे तळवे हातात घेतले. गार नव्हते. चिमटा काढला. मग पुन्हा काढला. ती छताकडे बघत म्हणाली, “काढतेयस का?”

नऊ वाजताची मान, दहाची पाठ, अकराची पाठ, सगळी माणसं बंद दारापुढे उभी राहिली असती. काकांनी खाली थांबून एकेकाला परत पाठवलं. मला ते आत्ता कळलं, इथे हॉस्पिटलच्या बाकावर. स्ट्रेचर जिन्यातून उतरवताना पायाकडची बाजू काकांनीच धरली होती.

१ जानेवारी

ड्यूटीवर एकच तरुण डॉक्टर. बाकी सगळे सुट्टीवर. फोटो उजेडावर धरून तो म्हणाला, “हा मणका दबलाय. त्याचे तुकडे मागे मज्जारज्जूवर आलेत. पडल्या होत्या का तुम्ही?”

“हो,” ताई म्हणाली. “परवा. न्हाणीघरात पाय घसरला.”

“नुसतं घसरून एवढं होत नाही सहसा. हाड आधीच पोखरलेलं दिसतंय. अजून तपासण्या करू. कोणी चोळलंबिळलं नाही ना? आपल्याकडे लोक लगेच कोणाकडून तरी दाबून घेतात.”

“छे,” ताई म्हणाली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. हात शालीत होते. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, कारण मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोलले नाही. तो पुढच्या पलंगाकडे गेला. मी तरीही बोलले नाही. हे मी इथे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठेच सांगितलेलं नाही.

४ जानेवारी

मोठे डॉक्टर सुट्टीवरून आले. मला बाहेर नेऊन खुर्चीत बसवलं, तेव्हाच कळलं. सुरुवात छातीत झालीय आणि हाडांत पसरलंय. पाय परत येणार नाहीत. वेळ म्हणाल तर काही महिने, ते सुद्धा नक्की नाही. मी विचारलं, दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर? ते म्हणाले, बरी झाली असती असं नाही म्हणणार, पण चालत राहिली असती, वेळ जास्त मिळाला असता. चांगला माणूस. खोटं बोलला असता तरी मी पाय धरले असते त्याचे.

ताईला त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी आत गेले तेव्हा ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

“झोपेतून जाग यायची ना तुला?” मी विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“गणपतीनंतर... नाही, आठवत नाही आता. झाले तीन महिने.”

“येईल त्या नव्या माणसाला तोच प्रश्न विचारत होतीस तू. तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं. ते प्रश्न टाइप मीच केलेत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “तू कार्ड काढलंस माझं?”

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, घरच्या माणसाचं कार्ड काय काढायचं? तिनं माझं मनगट धरलं. “अगं, मला वाटलं होतं एवढा हंगाम निघेल. पहिलाच तर होता. आणि तू दाबलंस, की तासभर खरंच बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मी दिवसभर वाट बघायचे.”

मी रडले. वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, तोंडात पदर कोंबून. तिला मी मोडलं. आजाराने मोडली असती, पण त्याच्या आधी मी मोडलं, माझ्या कोपरानं, आणि वर ‘सुटलं’ म्हणून नाचले. ती म्हणाली, “पुरे, ठके.” टेबलावर म्हणायची तसंच.

संध्याकाळी घरी जाताना दुकानात काकांकडे किल्ली दिली. पाटी उतरवून ठेवा म्हटलं. आता जन्मात कोणाच्या पाठीला हात लावणार नाही. काकांनी किल्ली घेतली, खणात ठेवली. त्यांनी बोलायला हवं होतं. दोन शिव्या घालायला हव्या होत्या.

६ जानेवारी

ताईला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. इथे बरं करायचं नसतं, दुखणं कमी ठेवायचं असतं. जास्त कोणी धावपळ करत नाही. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.

दुपारी नर्स फॉर्म घेऊन आली. जाडजूड, पन्नाशीची, बोलताना कमरेवर हात ठेवून उभी राहणारी. ताई डोळे मिटून पडली होती. नर्स माझ्याकडून एकेक लिहून घेत होती. पेशंटचं जवळचं कोण? धाकटी बहीण. सोबत कोण राहणार? मीच. तुम्ही काय काम करता?

“काही नाही,” मी म्हटलं. “घरीच असते.”

नर्सनं लिहिलं.

“घरी कसली असते?” ताईनं डोळे न उघडताच म्हटलं. “मसाजचं काम करते ती. स्वतःची जागा आहे आमची. खोडा ते.”

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

“मान, पाठ, कंबर, सगळं बघते,” ताई म्हणाली. आता तिनं डोळे उघडले होते. “हात फार चांगला आहे तिचा. मला विचारा ना.”

“काय सांगता!” नर्स हसली. “माझी कंबर बघा, कामातून गेलीय अगदी. यायचं का मग?”

ताईनं क्षणभर विचार केला. वही तिच्यासमोर नव्हती, पण ती कधीच लागत नसे तिला. “सोमवारी साडेचारला या,” म्हणाली. “त्याच्या आधी तिला एक मान आहे. ठके, लिहून घे.”

सोमवारी ‘निवांत’ला कुलूप असणार. हे तिला माहीत होतं. किल्ली कोणाकडे दिली, ते मीच तिला सांगितलंय. नर्स थांबली होती, ताई थांबली होती. मी पिशवीतून ही डायरी काढली आणि ताईला दिसेल अशी धरून लिहिलं. सोमवार, साडेचार, नर्सबाई, कंबर.

ताईनं मान जरा उचलून ते वाचलं. मग नर्सला पत्ता सांगितला, जिना कुठल्या बाजूनं आहे ते सांगितलं, आणि नर्सनं तो फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतला.